हकीम अजमल खान आणि सर्पगंधेचे मूळ

विद्यार्थी मित्रांनो, थंडीच्या दिवसांत घरात कोणाला सर्दी-खोकला झाला, की आजी जोशांदा करते. तिच्या पुडीत मुलेठी असते, उन्नाब असतो, आणखी दोन-चार पाने व बिया असतात. काढा घेतल्यावर बरे वाटते आणि आपण खेळायला पळतो. पण त्या पुडीतील नेमक्या कोणत्या वस्तूने आराम पडला? ती किती घ्यावी? जास्त घेतली तर अपाय होईल का? हे प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

दिल्लीच्या एका नामवंत हकिमांनी हे प्रश्न विचारले. विशेष म्हणजे त्यांनी ते दुसऱ्याच्या नव्हे, तर स्वतःच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या विद्येला विचारले. त्यांचे नाव हकीम अजमल खान. स्वातंत्र्यलढ्यातील पुढारी म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. आज आपण त्यांच्या जीवनाची दुसरी बाजू पाहू.

अजमल खान यांचा जन्म इ. स. १८६८ मध्ये दिल्लीला झाला. बल्लीमारान या मोहल्ल्यात त्यांच्या घराण्याची शरीफ मंझिल नावाची हवेली होती. याच बल्लीमारानमध्ये महाकवी मिर्झा गालिब राहत असत. गालिब १८६९ मध्ये वारले, तेव्हा अजमल एक वर्षाचे तान्हे मूल होते. त्यांचे पूर्वज हकीम शरीफ खान मुघल दरबारचे नामांकित हकीम होते. वडील हकीम महमूद खान यांच्याकडे गावोगावचे रोगी येत. थोरले भाऊ अब्दुल मजीद खान व वासिल खान हेही हकीमच होते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर लहानपणापासून नब्ज, नुस्खा, दवा आणि शफा हेच शब्द पडत.

अजमल यांनी लहान वयातच कुराणशरीफ मुखोद्गत केले. पुढे त्यांनी अरबी, फारसी, तर्कशास्त्र आणि तिब्ब म्हणजे युनानी वैद्यक यांचा अभ्यास केला. त्यांना शायरीचीही आवड होती. ते शैदा या तखल्लुसने कविता करीत. १८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे मुख्य हकीम झाले. रामपूरच्या संस्थानात हस्तलिखितांचे फार मोठे ग्रंथालय होते. हकीमसाहेब रोग्यांना तपासून झाले, की या ग्रंथांमध्ये बुडून जात. सुमारे दहा वर्षे त्यांनी रामपूरला काढली. ग्रंथांत काय लिहिले आहे आणि रोग्याच्या बिछान्याजवळ काय दिसते, हे ताडून पाहण्याची सवय त्यांना याच काळात लागली असावी.

थोरल्या भावांच्या निधनानंतर घराण्याची सारी जबाबदारी अजमल खान यांच्यावर आली. मोठे बंधू अब्दुल मजीद खान यांनी दिल्लीत मदरसा तिब्बिया नावाची शाळा सुरू केली होती. तेथे तरुणांना युनानी वैद्यक शिकवले जाई. आता ही शाळा अजमल खान चालवू लागले. हकीम म्हणून त्यांची कीर्ती देशभर पसरली. राजेरजवाडे त्यांना मानाने बोलावून नेत आणि मोठी फी देत. मात्र दिल्लीतील गोरगरीब रोग्यांकडून ते पैसे घेत नसत. सरकारने त्यांना हाजिक-उल-मुल्क हा किताब दिला.

एवढा मान मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. परंतु हकीमसाहेबांना एक चिंता सतावत होती. ती समजून घेण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे.

तेव्हा देशावर इंग्रजांचे राज्य होते. सरकारी दवाखान्यांत पाश्चात्त्य पद्धतीची औषधे दिली जात. हकीम आणि वैद्य यांची विद्या जुनी व निरुपयोगी आहे, असे पुष्कळ अधिकाऱ्यांना वाटे. फक्त पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची नोंदणी करावी, असे कायदे करण्याचे विचार सुरू झाले. आपल्या मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये असा कायदा झालाही. खेड्यापाड्यांतील लोकांना तर हकीम आणि वैद्य यांचाच आधार होता. त्यांची मान्यता गेली, तर ही शेकडो वर्षांची विद्या हळूहळू मरून जाणार होती.

हकीमसाहेबांनी दोन गोष्टी केल्या. पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी या विद्येसाठी लढा दिला. १९१० मध्ये त्यांनी देशातील वैद्य आणि हकीम यांना एकत्र आणले व त्यांची अखिल भारतीय परिषद स्थापन केली. आयुर्वेद हिंदूंचा आणि तिब्ब मुसलमानांची, असा भेद त्यांनी मानला नाही. रोग धर्म विचारून येत नाही, मग औषधाने तरी तो का विचारावा?

दुसरी गोष्ट अधिक अवघड होती. आपल्या विद्येतही उणिवा आहेत, हे त्यांनी मान्य केले. पुष्कळ घराण्यांत चांगले नुस्खे गुप्त ठेवले जात. बाप मुलाला सांगे, पण बाहेर कोणाला कळू देत नसे. कित्येक हकिमांना शरीराच्या आतील रचनेची नीट माहिती नव्हती. शस्त्रक्रिया तर त्यांनी सोडूनच दिली होती. प्रसूतीचे काम अशिक्षित दायांच्या हाती होते. त्यात अनेक माता आणि बालके दगावत. म्हणून हकीमसाहेबांनी १९०९ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी तिब्बिया शाळा काढली आणि तेथे दायांना शिक्षण देण्याची सोय केली.

१९११ मध्ये हकीमसाहेब युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन अशा शहरांतील रुग्णालये, ग्रंथालये आणि महाविद्यालये त्यांनी पाहिली. लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयात डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे तरुण भारतीय डॉक्टर काम करीत होते. त्यांची आणि हकीमसाहेबांची मैत्री जमली व ती जन्मभर टिकली. एक युनानी हकीम आणि दुसरे पाश्चात्त्य पद्धतीचे सर्जन! दोघांच्या विद्या वेगळ्या, पण हेतू एकच होता.

परत आल्यावर हकीमसाहेबांनी एका मोठ्या महाविद्यालयाचे काम हाती घेतले. दिल्लीच्या करोलबागेत १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. इमारत पूर्ण झाल्यावर १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. हेच आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज. तेथे आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही शाखा एकाच छपराखाली शिकवल्या जाऊ लागल्या. त्यांच्या जोडीला शरीररचना आणि शस्त्रक्रिया हेही विषय ठेवले गेले. हकीमसाहेबांनी हिंदुस्तानी दवाखाना नावाची औषधांची संस्था उभारली होती. तिचे उत्पन्न त्यांनी महाविद्यालयाला दिले.

उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. पाश्चात्त्य वैद्यकाच्या अनेक गोष्टी त्यांना पसंत नव्हत्या. तरीही तेथील शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीची त्यांनी स्तुती केली आणि तशी वृत्ती आपल्या वैद्य-हकिमांमध्ये दिसत नाही, याबद्दल खेद व्यक्त केला. हकीमसाहेबांच्या मनातही हीच खंत होती.

त्याच काळात देशात असहकाराची चळवळ चालू होती. हकीमसाहेबांनी १९२० मध्ये सरकारचा किताब परत केला. तेव्हा लोकांनी आपल्या वतीने त्यांना मसीह-उल-मुल्क हा किताब दिला. १९२१ च्या अहमदाबाद येथील काँग्रेस अधिवेशनाचे निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, म्हणून अध्यक्षपद हकीमसाहेबांनी सांभाळले. अलिगढला १९२० मध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया ही राष्ट्रीय शिक्षणसंस्था सुरू झाली. तिचे ते पहिले कुलपती होते. संस्था पैशांच्या अडचणीत आली, तेव्हा १९२५ मध्ये ती दिल्लीला आणून त्यांनी तिला आधार दिला.

इतक्या धावपळीतही जुन्या औषधांची शास्त्रीय परीक्षा व्हावी, ही इच्छा त्यांच्या मनातून गेली नाही. पण ती कोण करणार? त्यासाठी रसायनशास्त्र जाणणारा माणूस हवा होता.

असा माणूस त्यांना सलीमुज्जमान सिद्दीकी या तरुणात मिळाला. सिद्दीकी यांचा जन्म १८९७ मध्ये उत्तर प्रदेशातील बाराबंकी जिल्ह्यात झाला. अलिगढला शिकून ते लंडनला आणि तेथून जर्मनीतील फ्रँकफर्टला गेले. त्यांच्या परदेशातील शिक्षणाला हकीमसाहेबांनी पैशांची मदत केली. १९२७ मध्ये रसायनशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन सिद्दीकी भारतात परतले. तिब्बिया कॉलेजात औषधी वनस्पतींच्या संशोधनाची संस्था उभी करण्याचे काम हकीमसाहेबांनी त्यांच्यावर सोपवले.

संशोधनासाठी घेतलेल्या वनस्पतींपैकी एक होती सर्पगंधा. युनानी वैद्यकात तिला असरोल म्हणतात. बिहारकडे लोक तिला पागल की दवा म्हणत, कारण वेडाचे झटके येणाऱ्या रोग्याला तिचे मूळ दिले, की तो शांत होई. ज्यांना झोप येत नाही त्यांनाही हे मूळ देत. सर्पगंधेचे झुडूप लहान, साधारण गुडघ्याएवढे असते. एकेका पेरावर तीन-चार पाने गोलाकार उगवतात. फुले पांढरी-गुलाबी असतात. फळे पिकल्यावर जांभळी-काळी होतात. मूळ सापासारखे वेडेवाकडे असते. आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतही ही वनस्पती आढळते. तुमच्या शाळेच्या आवारात फुलणारी सदाफुली, जिला तुम्ही घरी सदाबहार म्हणता, ती याच कुळातली आहे.

या मुळाने रोगी शांत होतो, हे शेकडो वर्षांपासून माहीत होते. पण मुळातील कोणते द्रव्य हे काम करते, हे ठाऊक नव्हते. काही रोग्यांना औषध जास्त झाले, तर ते गळून जात. एक मूळ तीव्र निघे, तर दुसरे सौम्य. मग मात्रा ठरवायची कशी? म्हणून आतील द्रव्ये वेगळी करणे आवश्यक होते.

अशा संशोधनाची रीत समजून घ्या. अनेक वनस्पतींमध्ये कडू चवीची, नायट्रोजन असलेली द्रव्ये असतात. त्यांचा गुण आम्लाच्या उलट, म्हणजे अल्कलीसारखा असतो. म्हणून त्यांना अल्कलॉइड म्हणतात. अल्कली हा शब्द मुळात अरबी आहे. वनस्पती जाळून उरलेल्या राखेला अरबीत अल-कली म्हणत. अल्कलॉइड वेगळे करताना वाळलेल्या मुळाची भुकटी मद्यार्कात भिजवतात. द्रव्ये मद्यार्कात उतरतात. मग तो अर्क आटवून त्यात सौम्य आम्ल घालतात. अल्कलॉइड आम्लात विरघळतात आणि तेलकट पदार्थ मागे राहतात. नंतर त्यात अल्कली घातली, की अल्कलॉइड पुन्हा वेगळे होऊन बाहेर येतात. शेवटी त्यांचे स्फटिक बनवतात. शंभर ग्रॅम वाळलेल्या मुळात सारे अल्कलॉइड मिळून साधारण एक ते दोन ग्रॅमच असतात. यावरून हे काम किती चिकाटीचे आहे, ते ध्यानात येईल.

परंतु या कामाचे फळ पाहणे हकीमसाहेबांच्या नशिबी नव्हते. काम नुकतेच सुरू होत होते, तोच २९ डिसेंबर १९२७ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. दिल्लीने आपला मसीहा गमावला.

सिद्दीकी यांनी मात्र काम सोडले नाही. १९३१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून पाच अल्कलॉइड वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी तिघांचे स्फटिक पांढरे होते, तर दोघांचे पिवळे. पिवळ्या द्रव्यांना त्यांनी वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून सर्पेंटाइन आणि सर्पेंटिनाइन अशी नावे दिली. पांढऱ्या द्रव्यांची नावे काय ठेवली असतील? अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन! ज्यांनी मार्ग दाखवला, त्या हकीमसाहेबांचे नाव शिष्याने त्या स्फटिकांना दिले. संगमरवरी कबरीवर कोरलेले नाव पुसट होऊ शकते. रसायनशास्त्राच्या ग्रंथांतील हे नाव मात्र आजही जगभर वाचले जाते.

अजमलीन हृदयावर परिणाम करते. आपल्या हृदयाचे ठोके अतिशय सूक्ष्म विद्युत्‌प्रवाहामुळे पडतात. हृदयाच्या पेशींमध्ये सोडियमचे कण शिरले, की हा प्रवाह पुढे जातो. अजमलीन सोडियमची वाट काही काळ अडवते आणि प्रवाहाचा वेग कमी करते. म्हणून अनियमित ठोक्यांच्या काही विकारांत ते वापरले गेले. हृदयाचा ब्रुगाडा नावाचा एक छुपा आजार आहे. तो ओळखण्यासाठी काही देशांतील डॉक्टर आजही रुग्णालयात, यंत्रावर नजर ठेवून, अजमलीन टोचून परीक्षा घेतात. ज्या हकीमसाहेबांचा अंत हृदयविकाराने झाला, त्यांच्या नावाचे द्रव्य आज दुसऱ्यांच्या हृदयाची परीक्षा करते.

सर्पगंधेची कथा येथेच संपली नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाब वाढलेल्या रोग्यांना सर्पगंधा देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये इंग्लंडमधील हृदयरोगाच्या मासिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी त्याच मुळातून रेसर्पीन हे आणखी एक अल्कलॉइड वेगळे केले. रक्तदाब उतरवणे आणि मन शांत करणे, ही कामे मुख्यतः हेच द्रव्य करत होते. पागल की दवा या नावात तथ्य होते, हे प्रयोगशाळेने दाखवून दिले.

पण प्रयोगशाळेने दुसरीही बाजू दाखवली. रेसर्पीनची मात्रा जास्त झाली, तर काही रोग्यांचे मन फार उदास होते. पुढे अधिक सुरक्षित औषधे निघाली आणि रेसर्पीनचा वापर कमी झाला. परीक्षा ही अशी असते. ती गुण सांगते, तसेच दोषही सांगते. जो केवळ गुण ऐकायला तयार असतो, त्याने परीक्षेला बसूच नये. हकीमसाहेब आपली विद्या घेऊन परीक्षेला बसले, हाच त्यांचा मोठेपणा.

सिद्दीकी यांनी पुढे कडुनिंबातूनही अनेक द्रव्ये वेगळी केली. १९५१ मध्ये ते पाकिस्तानात गेले आणि तेथेही त्यांनी संशोधनसंस्था उभ्या केल्या. १९९४ मध्ये वृद्धापकाळी कराचीत त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आज जाहिरातींत आपण वाचतो, की अमुक पाल्यात ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये आहेत, म्हणून तो सर्व रोगांवर गुणकारी आहे. असे वाचले, की हकीमसाहेबांचे प्रश्न आठवा. कोणते द्रव्य? किती प्रमाणात? ते फक्त परीक्षानळीत काम करते, की माणसाच्या शरीरातही? कोणी तपासून पाहिले? काचेच्या नळीत जे घडते, ते शरीरात घडेलच असे नाही. म्हणून सर्पगंधेसारखे औषध कधीही स्वतःच्या मनाने घेऊ नका. ते जंगलातून उपटूही नका. औषधासाठी मूळ काढले, की सारे झाड मरते. अशा उपटण्याने जंगलातील सर्पगंधा विरळ झाली आहे आणि तिच्या परदेशी व्यापारावर बंधने घालावी लागली आहेत.

काही लोक म्हणतात, जुने ते सारे सोने. काही म्हणतात, जुने ते सारे टाकाऊ. हकीम अजमल खान यांनी तिसरा मार्ग दाखवला. जुने असेल तर ते जपावे, पण सोनार सोने कसाला लावून पाहतो, तसे पारखूनही घ्यावे. आपल्या आजीच्या जोशांद्याचा आदर करा आणि त्याला प्रश्नही विचारा. तुमच्यापैकी एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या प्रयोगशाळेत बसून त्याचे उत्तर शोधील, तर हकीमसाहेबांनी लावलेल्या रोपट्याला आणखी एक फांदी फुटेल.